न झालेल्या रोगावरील औषध

जामसांवलीस पहुडलेल्या मारुतिरायाच्या दर्शनाला जी गर्दी लोटते, तीत घरच्या आजारी माणसाचा हात धरून आलेली माणसे पुष्कळ असतात. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. पण आजाराने भ्यालेल्या माणसाचा चेहरा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला एक गोष्ट कळून चुकते : भ्यालेला मनुष्य भाव करीत नाही. औषध विकणारा मागेल ते देऊन तो मोकळा होतो. भोंदू वैद्य सर्वत्र याच एका भांडवलावर जगत आले आहेत. हल्ली त्यांच्याच जातीच्या काही मंडळींनी संगणकाची नाडी पाहावयास प्रारंभ केला आहे. त्यांच्या नादी लागून आमची स्वतःची जी फजिती झाली, ती विद्यार्थ्यांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गतवर्षी शिष्यवृत्तीची आवेदनपत्रे भरण्याचे दिवस होते. शाळेतील ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे, तो फार मंद चालू लागला. एक पान उघडावयाचे तर तोवर चहा निवून जावा ! उपाय शोधता शोधता आमच्या दृष्टीस एक सॉफ्टवेअर पडले. संगणकाची सफाई करू, जुने ड्रायव्हर बदलून नवे बसवू, असे त्याचे आश्वासन होते. तपासणी फुकट होती. ती दोन मिनिटांत आटोपली आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत निकाल झळकला : दोष आठशेहून अधिक, कालबाह्य ड्रायव्हर एकवीस, यंत्राची प्रकृती चिंताजनक. दुरुस्तीसाठी मात्र पैसे भरावयाचे होते. आम्ही ते पदरचे भरले आणि एक चांगले काम केल्याच्या समाधानात घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर मुका झाला. संगणकाचा आवाज गेला. इंटरनेट कधी लागे, कधी तुटे. त्याच सकाळी एका विद्यार्थिनीचे वडील संत्र्याच्या बागेतील तोडणीची मजुरी बुडवून मुलीच्या अर्जाची प्रत नेण्यास आले होते. त्यांना उद्या या म्हणून सांगावे लागले. “बरं गुरुजी,” एवढेच बोलून ते गेले. त्यांची दुसऱ्या दिवसाचीही मजुरी बुडाली. आमचे पैसे गेले याचे आम्हांस फारसे वाटले नाही. त्या दोन शब्दांचे मात्र अजून वाटते.

सौंसरला दुरुस्तीचे छोटे दुकान चालविणारा आमचा एक माजी विद्यार्थी मदतीस धावला. त्याने ते सॉफ्टवेअर काढून टाकले, प्रिंटरचा पूर्वीचा ड्रायव्हर परत बसविला, आणि मंदपणाचे खरे कारण शोधले. डिस्क जवळजवळ भरली होती. आमच्याच स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींनी! शिवाय पंख्यात धुळीचा थर बसल्यामुळे यंत्र तापत होते. चित्रफिती अन्यत्र हलविल्या, धूळ झाडली, काम झाले. मग तो म्हणाला, “सर, आता एक गंमत पाहा.” त्याने आपल्या दुकानातील, नुकतेच विंडोज नव्याने भरलेले एक कोरे यंत्र आणले आणि त्यावर तेच सॉफ्टवेअर चालविले. त्या निष्कलंक यंत्रातही त्याला शेकडो दोष सापडले ! या वैद्याच्या दारी निरोगी म्हणून कोणी येतच नाही, हे तेव्हा आम्हांस उमगले.

या व्यवहाराचे मर्म समजण्यासाठी ड्रायव्हर म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेले यंत्र यांच्यामधील दुभाष्या. आमची मातृभाषा कोकणी, शिकवितो मराठीतून आणि कचेरीतील कागद हिंदीत. तेव्हा दुभाष्याचे महत्त्व आम्हांस कोणी सांगावयास नको. पण दुभाष्याची निवड त्याच्या वयावरून करीत नाहीत. समोरच्या माणसाची बोली त्याला येते की नाही, हे पाहतात. आमच्या जुन्या प्रिंटरची बोली जाणणारा म्हातारा दुभाष्या काढून त्या सॉफ्टवेअरने दुसऱ्याच प्रिंटरची बोली जाणणारा एक तरुण तेथे उभा केला होता. मग संभाषण खुंटले यात नवल ते काय ?

नुसत्या तारखेवरून ड्रायव्हरला कालबाह्य ठरविणे किती फसवे असते, याचा एक मासला सांगतो. विंडोजबरोबर येणाऱ्या कित्येक ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्टने २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते. हेतू असा की, यंत्र बनविणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर उपलब्ध असल्यास विंडोजने त्याला अग्रमान द्यावा. ही तारीख वाचून कोणी “तुमचा ड्रायव्हर फार जुना झाला” असे सांगू लागला, तर तो अज्ञानी असला पाहिजे किंवा लबाड.

सफाईचीही तीच कथा. विंडोजची ‘रजिस्ट्री’ म्हणजे यंत्राचे दप्तर. कोणती वस्तू कोठे ठेवली, कोणाची मांडणी कशी, याच्या नोंदी तीत असतात. काढून टाकलेल्या प्रोग्रामांच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरे. पण त्या निरुपद्रवी असतात आणि त्यांची जागा नगण्य असते. त्या खोडण्याच्या भरात एखादी जिवंत नोंद खोडली गेली, तर विंडोज पुन्हा भरण्याची पाळी येते. अशा रजिस्ट्री-सफाईला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेले आहे.

आम्ही खेड्यातले म्हणून फसलो, असे कोणी समजू नये. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत ग्राहकांच्या संगणकांची प्रकृती फुकट तपासून देत असत. तपासणीच्या आरंभी चार प्रश्न असत : यंत्र मंद चालते काय, मधेच बंद पडते काय, अशा धर्तीचे. त्यांपैकी एकाही प्रश्नापुढे खूण केली की, तपासणीत काहीही आढळो वा न आढळो, रोगाची लक्षणे सापडल्याचा निकाल ठरलेला ! तेथील संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणी कारवाई केली आणि २०१९ मध्ये ऑफिस डेपोने २ कोटी ५० लक्ष व त्याला हे सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. २०२४ मध्ये रेस्टोरो व रीइमेज या कंपन्यांवरही अशाच कारणाने २ कोटी ६० लक्ष डॉलर भरण्याची पाळी आली. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. संगणक बिघडल्याची भीती घालून परदेशी लोकांना लुबाडणारी बनावट मदतकेंद्रे त्यांत होती. फसविणारे हात आपल्याच देशातील तरुणांचे होते, ही गोष्ट शिक्षक या नात्याने आम्हांस अधिक लागते.

यावर कोणी म्हणेल, मग सारीच सफाईची साधने खोटी काय ? तसे मुळीच नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून आरंभ केलेल्या कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी व्हायरसवरचे ‘क्विक हील’ उभे केले, ते खऱ्या रोगावरील औषध होय. भारत सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथून संगणकातील उपद्रवी प्रोग्राम काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. तथापि नामवंत साधनही डोळे मिटून वापरू नये. सीक्लीनर हे सफाईचे सॉफ्टवेअर जगभर लोकप्रिय आहे. २०१७ मध्ये त्याच्याच एका आवृत्तीत चोरट्यांनी घातक प्रोग्राम घुसविला आणि सुमारे २२ लक्ष ७० हजार संगणकांपर्यंत तो पोचला.

तसेच, जुने ते कधी बदलूच नये, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. विंडोजची स्वतःची सुरक्षा-अद्यतने वेळच्या वेळी घेतलीच पाहिजेत. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्यामुळे ज्या शाळांत ते अद्याप चालू आहे, त्यांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे. आमचा आक्षेप एवढाच की, रोग ठरविणारा आणि औषध विकणारा एकच असेल, तर औषध घेण्यापूर्वी दुसऱ्यास विचारावे.

अनुभवाने शिकलेली रीत थोडक्यात सांगतो. यंत्र मंद झाले तर प्रथम डिस्कवर जागा किती उरली, ते पाहावे आणि जागा हवी असल्यास विंडोजमधीलच ‘डिस्क क्लीनअप’ किंवा ‘स्टोरेज सेन्स’ वापरावे. त्याला पैसे पडत नाहीत. ड्रायव्हरविषयी शंका आल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. यंत्राच्या नावापुढे पिवळी खूण नसेल आणि यंत्र नीट काम देत असेल, तर त्याला हात लावू नये. नवा ड्रायव्हर हवाच असेल, तर तो विंडोज अपडेटमधून अथवा यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. कोणताही बदल करण्यापूर्वी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा. बदलानंतर बिघाड झाल्यास ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही सोय असते, तिने जुना ड्रायव्हर परत येतो. पडद्यावर झळकणाऱ्या क्रमांकावर कधीही दूरध्वनी करू नये. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता १९३० या शासकीय क्रमांकावर तत्काळ कळवावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांचे वडील संत्र्याच्या बागा राखतात. झाडाचे पान पिवळे दिसताच ते बाजारातील पहिली बाटली आणून फवारीत नाहीत. आधी खोड पाहतात, बुंध्याशी पाणी साचले आहे काय ते बघतात, डिंक्या लागला आहे की नुसते अन्न कमी पडले आहे, याचा विचार करतात. हे शहाणपण आपल्या घरोघरी आहे. तेच संगणकापुढे बसताना आम्ही विसरलो. उद्या घरच्या जमिनीचे उतारे, दाखले आणि अर्ज तुम्हीच काढून द्यावयाचे आहेत. तुमच्या हातातील यंत्र उगाच बिघडले, तर मजुरी कोणाची तरी दुसऱ्याचीच बुडते. तेव्हा पडद्यावर तांबडी अक्षरे दिसली की हात आवरा, आणि प्रथम एवढेच विचारा : हे सांगणारा कोण, आणि मी भ्यालो तर लाभ कोणाचा ?