स्टिअरिंग कुणाच्या हातात?

या देशात गाडी हाकणाऱ्याला कुणी खेळाडू म्हणत नाही. ड्रायव्हर म्हणतात. 'ए ड्रायव्हर' म्हणतात. शेटजी लग्नाला जातात, आत पंगती उठतात, आणि ड्रायव्हरचं ताट गाडीपाशी येतं. आलं तर. मग तोच शब्द 'रेसिंग' लावून इंग्रजी पेपरात छापून आला की त्याला एकदम तेज चढतं. शब्द तोच, हातातलं चाक तेच. मग माणसाची किंमत कुठं बदलते?

६ डिसेंबर २०२०. ही तारीख आपल्याला कुणी सांगायला नको. त्या साली करोना होता, चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा असं सरकारनं सांगितलं होतं. त्याच दिवशी तिकडं बहरीनच्या साखीर ट्रॅकवर जेहान दारुवाला नावाचा मुंबईचा पोरगा फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. ती जिंकणारा पहिला भारतीय. १९९८ चा जन्म, म्हणजे तेव्हा बावीस वर्षांचा.

पोरगा कच्चा नव्हता, हे आधी कबूल करू. फुकटची टिंगल आपल्याला करायची नाही. २०११ मध्ये फोर्स इंडियानं 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाचा शोध घेतला, त्यात निवडलेल्या तिघांपैकी हा एक. २०१७ ला न्यूझीलंड ग्रां प्री जिंकला. २०१९ ला फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला. इटलीत मोंझाला २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षं शर्यत मारली. २०२२ ला मॅक्लारेननं त्याला सिल्व्हरस्टोनवर फॉर्म्युला वनची गाडी चालवून बघायला दिली. पण फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही. २०२४ चा हंगाम तो विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये मासेराटीकडून खेळला.

आता त्या शोधाचं नाव परत वाचा. अब्जातून एक! अहो, त्या अब्जातल्या किती पोरांनी कार्टच्या स्टिअरिंगला आयुष्यात एकदा तरी हात लावला होता? ज्यांनी लावला त्यांच्यातून एक निवडला, एवढंच म्हणा. अब्जाचं नाव कशाला घेता? आमची बेरीज फक्त जाहिरातीत धरायची आणि ट्रॅकच्या गेटवर वजा करायची, हा हिशोब जुना आहे.

जेहानचे वडील उद्योजक. त्याच्या आधीचा कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन, २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याचे वडील स्वतः रॅली चॅम्पियन, आणि पाठीशी टाटा. मग आला करुण चंढोक. त्याचे वडीलही रेसिंगमधलेच. तिन्ही घरांत मोटार आधी आली, पोरगं नंतर. यात त्यांचा गुन्हा नाही. पण याला नुसती 'गुणवत्ता' म्हणून आमच्या तोंडावर मारू नका. राखीव जागा म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांना ही बापाकडून मिळालेली राखीव सीट दिसत नाही?

आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात शर्यत म्हणजे बैलगाडा. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि आता शर्यती जोरात आहेत. भोंग्यावर नाव कुणाचं पुकारतात? गाडामालकाचं. बैलाचंसुद्धा पुकारतात. जो गाडा हाकतो, ज्याचा हातपाय मोडायचा असतो, त्याचं नाव गर्दीत किती जणांना ठाऊक असतं?

तसंच रस्त्यावर. १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि पनवेलच्या दारात कंटेनरची रांग लागली. पळस्पे फाट्यावर रात्री दोन वाजता उभं राहून बघा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात बघा. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर अंधारात, गटाराच्या काठानं, नुसत्या आरशात बघून मागं घेणारा माणूस बघा. शेजारी किन्नर हात हलवत ओरडतोय, 'आने दो, आने दो.' कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी बिहारचा, कुणी बीड-नगरचा. कुणी आपल्यातला, कुणी मुसलमान, कुणी रानातून हाकललेला. ही कारागिरी आहे राव! पण तिला ना ट्रॉफी, ना झोप.

झोपेचंच बघू. फॉर्म्युला वनची शर्यत, एक मोनाको सोडलं तर, साधारण ३०५ किलोमीटरची. दोन तास धावून झाले की उरलेले फेरे सोडून द्यायचे, झेंडा पडतो. माणूस थकतो, थकला की मरतो. तिकडं शर्यतीला निदान वेळेची हद्द नियमात आहे. आपल्याकडंही १९६१ ला मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, असं त्यात लिहिलं. कळंबोलीत कुठल्याही केबिनमध्ये चढा आणि विचारा, 'चाचा, आठ तास झाले का?' चाचा हसेल. त्या हसण्याचा अर्थ लावायला कुठल्या कमिशनची गरज नाही.

कुणी म्हणेल, ल्युइस हॅमिल्टन आला की! आला. काळा पोरगा, आजा-आजी ग्रेनाडा बेटातून आलेले, बापानं एकाच वेळी दोन-तीन नोकऱ्या करून कार्टिंगचा खर्च काढला. २००७ ला फॉर्म्युला वनमध्ये आला, २००८ ते २०२० या काळात सात वेळा जगज्जेता झाला. पण बापाचं हाड झिजून पुरलं नाही. १९९८ ला मॅक्लारेननं पोराला हाताशी धरलं, तेव्हा पुढचा रस्ता झाला. आणि तो आल्यावर दार उघडं राहिलं का? त्याच्या नावाच्या कमिशनचा अहवाल २०२१ ला आला. फॉर्म्युला वनमध्ये काम करणाऱ्यांत काळी माणसं साधारण १ टक्का. गाड्यांच्या रांगेत तर तो आला तेव्हा एकटा होता, आणि इतक्या वर्षांनीही एकटाच राहिला. एक माणूस वर गेला म्हणजे जिना बांधला गेला असं होत नाही.

त्याच्याही आधी अमेरिकेत वेंडेल स्कॉट होता. टॅक्सी चालवली, मेकॅनिकी केली, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करून गोऱ्यांच्या शर्यतीत उतरला. १ डिसेंबर १९६३ ला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला तो जिंकला. ट्रॉफी दिली दुसऱ्याला, गोऱ्याला. गर्दी पांगल्यावर काही तासांनी म्हणाले, मोजण्यात चूक झाली, तूच जिंकलास. स्कॉट १९९० ला वारला. ट्रॉफी त्याच्या घरच्यांच्या हातात पडली २०२१ ला. अठ्ठावन्न वर्षं! १९७२ ला आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव त्याच मुलुखातून उचललं ते उगीच नाही. मोजण्यातली चूक तिकडंही आपल्याच वाट्याला येते.

आता घरचं उदाहरण. पळवणकर बाळू. चांभाराचं पोर. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करायचा. गोऱ्या साहेबांना सरावाला गोलंदाज हवा होता म्हणून त्याच्या हातात चेंडू पडला. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि शंभरावर बळी घेऊन आला. इकडं मात्र हिंदूंच्या संघात चहा वेगळ्या भांड्यात, आणि कप्तानी कधीच नाही. पुढं १९३७ ला तो बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला आणि पडला, तो हिशोब वेगळा. इथं मुद्दा एवढाच, की साहेबाच्या गरजेपोटी का होईना, बाळूला हजारो चेंडू टाकायला मिळाले. सराव मिळाला, म्हणून हात तयार झाला. रेसिंगमध्ये ही फटसुद्धा नाही. तिथं सरावाचा प्रत्येक फेरा पेट्रोल पितो, टायर खातो, आणि एका हंगामाचा खर्च कोटींत मोजतात. ट्रॅक झाडणाऱ्याला 'जरा दोन फेरे मार' असं कुणी म्हणत नाही.

आणि ट्रॅकचं नाव काय? बुद्ध! ग्रेटर नोइडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, एक फेरा ५.१२५ किलोमीटरचा. ३० ऑक्टोबर २०११ ला तिथं पहिली शर्यत झाली आणि वेटेलला ट्रॉफी दिली मायावतींनी. आपल्या घरातली बाई जगज्जेत्याला ट्रॉफी देते हे बघून छाती फुगली असेल तर फुगू द्या, त्यात वावगं नाही. पण त्या दिवशीच्या चोवीस गाड्यांपैकी एकीतही आपलं पोर नव्हतं, हेही लिहून ठेवा. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर २०१२ ला, त्याच ट्रॅकवर मल्ल्याच्या फोर्स इंडियाच्या गाड्या पळाल्या. त्याच महिन्यात त्याची किंगफिशरची विमानं जमिनीवर बसली होती आणि कामगारांचे पगार थकले होते. २०१३ नंतर फॉर्म्युला वननं भारताकडं पाठ फिरवली, करांची भांडणं मागं ठेवून. तथागतानं सांगितलेलं चक्र माणसाला पुढं नेतं. हे चक्र फिरून फिरून परत मालकाच्याच दारात येतं.

यावर दोन आवाज ओळखीचे आहेत. एक म्हणतो, खेळात जात आणू नका. अरे, आणली कुणी? आम्ही फक्त ती कुठं बसलीय ते दाखवतोय. दुसरा आवाज आपल्यातलाच. तो म्हणतो, पोटाचे प्रश्न सोडून हे श्रीमंतांचे चोचले कशाला? त्या भावाला माझं सांगणं आहे, की आपण फक्त पोटाचंच मागायचं हे कुणी ठरवलं? वेगाचा आनंद, चाकावरची हुकमत, जिंकल्यावर उडवायचा फेस, हे सगळं माणसाचं आहे. मग ते आपलंही आहे. पाणी एकट्या सवर्णांच्या बापाचं नव्हतं, तसा डांबरी ट्रॅकही नाही.

म्हणून टाळ्या वाजवून थांबू नका, मागा. खारघरच्या डोंगरपायथ्याला सिडको गोल्फचं मैदान करू शकते, तर पनवेल तालुक्यात कार्टिंगचा एक सार्वजनिक ट्रॅक का नाही? ज्यांच्या ट्रकवर आपली माणसं उभं आयुष्य घासतात त्या टाटांनी कार्तिकेयनला पैसा दिला. महिंद्रांची टीम २०१४ पासून फॉर्म्युला ईमध्ये पळते. त्यांना सांगा, हेल्मेट, टायर आणि लायसन्सचा खर्च उचला, आणि निवड करायला वस्तीत या, क्लबात नको. आयटीआयच्या पोरांना रेसिंगच्या गॅरेजात शिकायला घ्या. जगात चार टायर १.८० सेकंदांत बदलल्याचा विक्रम आहे. कळंबोलीच्या पंक्चरवाल्याकडं जॅक, टॉमी आणि दोन हात आहेत. त्याच्या पोराला ती यंत्रं द्या, मग बोलू.

आणि या सगळ्याच्या आधी, आज रात्री जो पळस्प्यावरून पुढं निघालाय त्याचे आठ तास त्याला द्या. जो समाज ड्रायव्हरला झोपू देत नाही, त्यानं रेसिंग ड्रायव्हरचा अभिमान मिरवू नये.

गाडी आम्हीच चालवतोय. आता ती कुठं न्यायची तेही आम्हीच ठरवू.