दुसरी खेप

बऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरकडे येताना महाराष्ट्राची हद्द लागण्यापूर्वी इच्छापूर लागते. टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ आहे. नवस बोललेला माणूस तो फेडायला पुन्हा पायऱ्या चढतो. त्याला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही. हाच माणूस दवाखान्याची दुसरी खेप मात्र टाळतो. आपण सुशिक्षित मंडळी लगेच ‘अज्ञान’ म्हणून मोकळे होतो. मला हे निदान घाईचे वाटते.

क्षयाचेच पाहा. औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते, पण खोकला काही आठवड्यांतच उतरू लागतो. बरे वाटत असतानाही पुन्हा का यायचे, हे पहिल्याच दिवशी कोणी समजावले नसेल, तर केळीच्या बागेतली रोजी बुडवून तो रांगेत का उभा राहील? उपचार अर्धवट सुटला की रोग उलटतो, पुढे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि घरातली पोरेबाळेही धोक्यात येतात.

रोगी का येत नाही, हे रोग्यालाच विचारावे, हे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना सुचले. गोंड लोकांनी सांगितले: पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण प्रेत पांढऱ्यात गुंडाळतात, आणि सोबतच्या नातलगांना राहायला जागा नसते. म्हणून शोधग्रामचे रुग्णालय गावासारखे, झोपड्यांचे झाले, नातलगांची सोय झाली आणि नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. इथेही देवीच!

बऱ्हाणपूरला लागूनच मेळघाट आहे. तिथे बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे (२०१९ साली पत्नी डॉ. स्मिता यांच्यासह पद्मश्री) पहिल्या तपासणीचे दोन रुपये घेत, पुन्हा येणाऱ्याकडून एकच. रक्कम क्षुल्लक, पण परत येणाऱ्याचे इथे स्वागत आहे, हे ती सांगते.

भाषेचाही प्रश्न आहेच. घरी एक भाषा आणि औषधाच्या खिडकीवर दुसरी, ही अडचण सीमाभागातील वाचकांना मी काय सांगावी?

अर्थात् नुसत्या गोड बोलण्याने भागत नाही. खिडकीवर ‘औषध संपले’ ऐकून दोनदा परतलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

आपल्या सेवा योजनेच्या शिबिरांतही आपण आरोग्य तपासणी ठेवतो आणि किती रोगी तपासले ते अभिमानाने अहवालात लिहितो. त्यांतले किती जण पुन्हा दवाखान्यात गेले, हा रकाना मला अद्याप एकाही अहवालात दिसलेला नाही.