रस्ता बांधला, राखावयाचा कोणी?

सुधारलेले बियाणे, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या, किडींचा बंदोबस्त यांविषयी शेतीविषयक पत्रिकांतून नेहमी लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु शेतात पिकलेला माल ज्या वाटेने बाजारास जावयाचा त्या वाटेचा विचार आपण शेतीखात्याची माणसे क्वचितच करतो. रस्ता हा बांधकाम खात्याचा विषय, आपले काम बांधाच्या आत, अशी एक समजूत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. कारण रस्त्याची मागणी करण्यात आपल्या गावांनी जेवढा उत्साह दाखविला, त्याच्या दशांशही उत्साह मिळालेला रस्ता राखण्यात दाखविला नाही, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच पडतो आहे.

उदाहरणादाखल मुंबई उपनगरातील जोगेश्वरी घेऊ. आज तेथे शेती जवळजवळ उरलेली नाही. तथापि रस्त्याने मुलखाचे रूप कसे पालटते हे पाहावयाचे असेल तर यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणार नाही. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बांधलेला माहीमचा सेतू १८४५ साली खुला झाला आणि साष्टी बेट मुंबईला पक्क्या वाटेने जोडले गेले. वांद्र्यापासून उत्तरेस जाणारा घोडबंदर रस्ता जोगेश्वरीवरून जात असे. त्याच्या शहरातील भागास आज स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतात. १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढली ती पश्चिम रेल्वेच्या बाजूने जोगेश्वरीपर्यंत. दहिसरपर्यंत ती १९५७ मध्ये गेली. म्हणजे सात वर्षे जोगेश्वरी ही शहराची वेस होती. त्याच सुमारास शेजारी आरे दुग्धवसाहत उभी राहिली. १९४९ मध्ये तिची स्थापना झाली व १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. शहरातील गोठे बाहेर काढून म्हशी एकत्र ठेवण्याची ही योजना दारा खुरोडी यांच्या नेतृत्वाखाली साकार झाली. तिच्यात गोठे, गवताची कुरणे, दुग्धालय आणि या सर्वांना जोडणारे रस्ते यांची आखणी एकत्रच झाली होती. दूध काढल्यापासून तीनचार तासांच्या आत थंड झाले पाहिजे, तेव्हा दुग्धशाळेच्या यंत्राइतकाच गोठ्यापासूनचा रस्ताही दुग्धव्यवसायाचे साधन होय, ही जाण त्या आखणीत होती. खेड्यातील दूध संस्था काढताना ही जाण आपण किती ठिकाणी ठेवतो?

आज जोगेश्वरीस पश्चिम द्रुतगती महामार्ग आहे आणि तेथून विक्रोळीकडे जाणारा जोडरस्ताही आहे. वसई-पालघरकडील भाजीपाला, फुले, गवत व पेंढा घेऊन येणारी वाहने याच मार्गाने शहरात शिरतात. जव्हार-विक्रमगड भागात आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड यशस्वी केली आहे. त्यांच्या कळ्या पहाटे खुडून, उमलण्यापूर्वी दादरच्या फूलबाजारात पोहोचवाव्या लागतात. (जोगेश्वरीलगत मोगरा याच नावाचे जुने गाव आहे, फुले मात्र बाहेरूनच यावयाची.) या मालाचा खोळंबा शहरातील गर्दीत होतो हे खरे, पण नासाडी व्हावयास सुरुवात होते ती शेतापासून डांबरी सडकेपर्यंतच्या पहिल्या एकदोन किलोमीटरांत. टोमॅटोचे क्रेट तेथेच आदळतात, पालेभाजीच्या जुड्या तेथेच चेंगरतात, आणि पावसाळ्यात टेम्पोवाला तेथवर येण्याचेच नाकारतो. मग माल डोक्यावरून वाहावा लागतो. व्यापारी भाव पाडतो तो मालाकडे पाहून. रस्त्याकडे पाहून तो भाव वाढवून देत नाही.

आपल्या देशाने रस्त्यांचा विचार केला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते आणि त्यांच्याच शिफारशीतून पेट्रोलवरील कराच्या आधारे १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. १९४३ साली नागपूर येथे प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते जमले व त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. सुपीक शेतीच्या प्रदेशात कोणतेही खेडे मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे तिचे एक उद्दिष्ट होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी हातांनी खडी फोडून रस्ते केले. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली, शेत व पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री योजना आली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे.

ही कामगिरी लहान नव्हे. परंतु या सर्व योजनांची मोजणी ‘किती बांधले’ या एकाच मापाने होत आली. जे बांधले त्यातील दहा वर्षांनी किती उरले, हे माप कोणी फारसे लावीत नाही. हा दोष आपल्याच देशाचा आहे असेही नाही. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांतील रस्त्यांचा आढावा घेतला. मागील वीस वर्षांत निगेअभावी सुमारे ४५ अब्ज डॉलर किमतीचे रस्ते या देशांनी गमावले, आणि वेळेवर डागडुजी केली असती तर १२ अब्जांहून कमी खर्चात ते वाचले असते, असा तिचा निष्कर्ष होता. पावणेचार रुपयांचे नुकसान टाळण्यासाठी एक रुपया खर्चावयाचा, आणि तो न खर्चल्याबद्दल गरीब देशांनीच दंड भरावयाचा!

रस्त्याचा शत्रू चाक नव्हे, पाणी होय. मुरमाचा किंवा खडीचा थर कोरडा असेतो भार सहन करतो. त्याच्या बुडाशी पाणी मुरले की माती मऊ होते, काळ्या रानात तर ती फुगते, आणि मग साध्या बैलगाडीनेही चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचते, साचलेले पाणी आणखी खोल मुरते. म्हणूनच रस्त्याचा मध्यभाग कडांपेक्षा उंच हवा. तीन मीटर रुंदीच्या मुरमी रस्त्यास मधोमध सुमारे सहा सेंटीमीटरांचा उंचवटा असला म्हणजे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंस वाहून जाते. दोन्ही अंगांना चर हवेत, आणि त्या चरांना कोठेतरी ओढ्यापर्यंत वाट हवी. नाहीतर चर म्हणजे लांबट डबके. मोरीचे तोंड पालापाचोळ्याने बुजले असेल तर एका रात्रीच्या पावसात वर्षभराचे काम वाहून जाते. कोकणपट्टीसारख्या मुसळधार पावसाच्या भागात हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

चाकाचा दोष नाहीच असे मात्र नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून भारलेली वाहने फिरविण्यात आली. आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते, असे त्यातून दिसून आले. वाळूचा वा विटांचा क्षमतेहून अधिक भरलेला एक ट्रक गावरस्त्यावरून नेऊ देणे म्हणजे काय, याचा हिशेब सरपंचांनी या आकड्यावरून करावा.

आता थोडे आपल्या घरचे. दरवर्षी नांगराचे एक तास रस्त्याच्या बाजूस सरकविणारे, शेतातील पाणी सरळ रस्त्यावर सोडणारे, पाइप नेण्यासाठी रस्ता आडवा फोडून तो तसाच ठेवणारे आपणच आहोत. भातखाचरात चिखलणी झाल्यावर लोखंडी पिंजऱ्याची चाके न काढता ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून घरी नेणाराही शेतकरीच असतो. त्यास हटकले तर ‘रस्ता सरकारचा आहे’ असे उत्तर मिळते. सरकार पुन्हा रस्ता करीलही. पण तोवरचे पावसाळे त्याचे स्वतःचेच जावयाचे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. ज्या पाड्यांना अद्याप रस्ताच नाही, त्यांनी राखावयाचे काय? पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून आजारी माणसास वा बाळंतिणीस झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या पावसाळ्यात वाचावयास मिळतात. अशा पाड्यांचा रस्ता सर्वांत आधी झाला पाहिजे, याविषयी दुमत असू नये. किंबहुना म्हणूनच निगेचा आग्रह धरावयाचा. एकदा झालेला रस्ता पाच-सात वर्षांत पुन्हा मुळापासून बांधण्यात जो पैसा जातो, तो या पाड्यांच्या वाट्याचाच पैसा असतो.

राखावयाचे कोणी, हा प्रश्न उरतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधणाऱ्या ठेकेदारावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी टाकलेली असते. ही तरतूद चांगली आहे, पण गावात किती जणांना ती ठाऊक असते? रस्त्याच्या कडेच्या फलकावरील तारीख वाचून ठेवावी व मुदतीच्या आत लेखी तक्रार द्यावी. पाच वर्षांनंतरचे काय? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने १९९५ पासून ग्रामीण रस्त्यांच्या निगेसाठी रस्त्याकाठच्या गावकऱ्यांचेच छोटे गट उभे केले. चर साफ करणे, मोऱ्या मोकळ्या ठेवणे, खड्डा लहान असतानाच भरणे ही कामे त्यांस ठरावीक मोबदल्याने दिली जातात. आपल्याकडे बचत गटांचे जाळे तयार आहे. त्यांच्याकडे हे काम सोपवून त्याचा मोबदला नियमित द्यावा, आणि गावरस्त्यांसाठी येणाऱ्या निधीतून प्रथम निगेचा हिस्सा काढून मगच नव्या कामास हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रमदानाचे गोडवे गाऊन हे काम फुकट करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. एक दिवस उत्साहाने होतो, दहा वर्षे मजुरीनेच होतात.

पाणंद रस्त्यांची गोष्ट थोडी निराळी. तेथे पाण्याआधी अतिक्रमण आडवे येते. गावनकाशा काढून पाहिल्यास तुटक दुहेरी रेषेने दाखविलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा असतो. प्रत्यक्षात तेथून कित्येकदा बैलजोडीही जात नाही. नकाशावरील किंवा वहिवाटीचा रस्ता कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतास वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. बांधावरून वाट देण्याचा अधिकार त्यान्वये तहसीलदारास आहे. भाऊबंदकीच्या भीडेपोटी सहा महिने निघून जातात आणि मग दिवाणी दाव्यात दोन पिढ्या जातात, असे होऊ देऊ नये.

गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी १ मे रोजीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावनकाशा सोबत न्यावा, मोऱ्यांची व चरांची यादी तेथेच करावी, आणि कोणती मोरी कोणत्या गटाकडे हे लिहून ठेवावे. मृगापूर्वी पाच आठवडे हाती असतात. पहिल्या मोठ्या पावसात कुदळ घेऊन रस्त्यावरून एक फेरी मारावी; पाणी कोठे अडते आहे हे त्या दिवशी जितके स्पष्ट दिसते तितके एरव्ही दिसत नाही.