जनरलसाहेबांचा धंदा

इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो 26 जानेवारी 2025 रोजी दिल्लीच्या संचलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आले. त्यांच्या सैनिकांची तुकडी कर्तव्यपथावरून पावलाला पाऊल जुळवत गेली आणि तेव्हापासून रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावातल्या एका गृहस्थांना चैन पडेनासं झालं. गणेशोत्सवातलं व्याख्यान असो, सोसायटीची सभा असो की कुणाची एकसष्टी, त्यांची गाडी जकार्ताला वळसा घातल्याशिवाय घरी जात नाही. नाव सांगत नाही. इथल्या लोकांना ते सांगायची गरजही नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. राजकारण्यांनी देशाचं वाटोळं केलं. व्यापाऱ्याला नफ्यापलीकडे दिसत नाही. तेव्हा लष्करात शिस्त शिकलेला, धंद्यात पैशाचं गणित शिकलेला आणि मग राजकारणात उतरलेला माणूस म्हणजे सर्वगुणसंपन्न. प्रबोवो तसे आहेत. आपल्याकडेही एखाद्या जनरलला पाच वर्षं द्या, मुंबई-गोवा महामार्ग सहा महिन्यांत होतो की नाही बघा. (उरलेल्या साडेचार वर्षांत जनरलसाहेबांनी काय करायचं, हे गुलदस्त्यात.)

महामार्गाचं आधी मिटवून टाकू. वडखळ ते कोलाड ज्याने भर पावसात दुचाकीवरून केलंय त्याचा संताप मला मान्य आहे, माझाही तोच आहे. पण कोकण रेल्वे याच रोह्यापासून सुरू होते. 1990 मध्ये महामंडळ झालं आणि 1998 मध्ये सातशेहून अधिक किलोमीटरचा सबंध मार्ग खुला झाला. काम उभं केलं ई. श्रीधरन या अभियंत्याने. पाठीशी होते जॉर्ज फर्नांडिस आणि मधू दंडवते, म्हणजे एक कामगार पुढारी आणि एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. तिघांपैकी कुणाच्याही खांद्यावर फीत नव्हती.

दुसरा मुद्दा, प्रबोवो स्वतःच्या हिमतीवर वर आले. आजोबांनी बँक नेगारा इंडोनेशिया स्थापन केली, वडील मंत्री, भाऊ बडा उद्योगपती आणि सासरे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो. एवढी हिंमत घरबसल्या मिळाली तर आम्हीही वर जाऊ. 1998 मध्ये सासऱ्यांची सत्ता गेली. कार्यकर्त्यांच्या अपहरणप्रकरणी अधिकाऱ्यांच्या मंडळाने चौकशी केली आणि त्याच ऑगस्टमध्ये जावईबापू लष्करातून बाहेर पडले. पळवलेल्यांपैकी तेराजण आजतागायत घरी परतलेले नाहीत. या वळणावर आमचे गृहस्थ पाण्याचा ग्लास उचलतात आणि "थोडा वादग्रस्त काळ" असं म्हणून पुढच्या वाक्याला लागतात.

आता खरा मुद्दा. लष्करी माणूस धंदाही उत्तम करतो, हे वाक्य गृहस्थ इतक्या सहज टाकतात की ऐकणाऱ्याला वाटावं, इंडोनेशियात याचा प्रयोग कधी झालाच नसावा. झाला आहे, आणि चांगला चाळीस वर्षं झाला आहे. 1957 मध्ये तिथल्या डच कंपन्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि त्यांच्या खुर्च्यांवर लष्करी अधिकारी जाऊन बसले. सरकारी तिजोरीतून सैन्याचा खर्च भागत नव्हता. मग तुकड्यांनीच आपापली सोय लावायची असा रिवाज पडला. सहकारी संस्था आल्या, विश्वस्त निधी आले, जंगलतोडीचे परवाने, जहाजं, बँका, हॉटेलं आली. जो रक्षक तोच मक्तेदार, आणि तक्रार करायची तर त्याच रक्षकाकडे. कुंपणाने शेत खाल्लं असं आपण म्हणतो. इथे कुंपणाने शेताचा सातबाराच आपल्या नावावर करून घेतला.

या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे जनरल इब्नू सुतोवो. शिक्षणाने डॉक्टर, पेशाने सैनिक, आणि पेर्तामिना या सरकारी तेल कंपनीचे सर्वेसर्वा. गृहस्थांच्या व्याख्येत अगदी फिट्ट बसणारा माणूस. तेलाच्या जोरावर त्यांनी पोलाद, भातशेती, हॉटेलं, टँकरचा ताफा असं मिळेल त्यात हात घातला. न्यूयॉर्कमध्ये 'रामायण' नावाचं रेस्तराँ निघालं आणि पेर्तामिनाशी व्यवहार असलेल्या अमेरिकी तेल कंपन्यांनी त्यात पैसे घातले. त्यांना रामकथेची गोडी अचानक का लागली, हे विचारायला कुणी हरिदास नको. पुढची गंमत बघा. 1973-74 मध्ये जगभर तेलाचे भाव चौपटीच्या आसपास गेले. ज्याच्या विहिरीत तेल, त्याच्या घरात सोनं, असा तो काळ. आणि नेमक्या 1975 मध्ये पेर्तामिनाला आपली अल्पमुदतीची कर्जं फेडता येईनात. देणी निघाली सुमारे 10 अब्ज डॉलरची. भाव पडल्यावर बुडणारे धंदे सगळ्यांनी पाहिलेत. भाव चौपट झाल्यावर तेलकंपनी बुडवून दाखवायला जनरलच लागतो. 1976 मध्ये साहेबांना पदावरून दूर केलं, आणि निस्तरणं आलं सरकारच्या, म्हणजे लोकांच्या माथी.

खुद्द प्रबोवोंचं काय? लष्कर सुटल्यावर ते काही काळ जॉर्डनमध्ये राहिले, मग भावाच्या साथीने धंद्यात उतरले आणि कालीमंतानमधला कागदाच्या लगद्याचा मोठा कारखाना घेतला. तो कर्जाच्या गाळात रुतला. धंद्यात असं होतं, त्यात पाप नाही. पण मग "पैशाचं गणित" कुठल्या इयत्तेत शिकले, तेवढं गृहस्थांनी सांगावं.

असं का होतं, हे कळायला अर्थशास्त्र नको. रोह्याच्या बाजारपेठेत एखाद्या किराणावाल्याने भाव चढा लावला की गिऱ्हाईक दोन दुकानं सोडून पलीकडे जातं. गल्ल्याशेजारी बंदूक टेकून ठेवलेली असेल तर ते जात नाही, गुमान पैसे मोजतं, आणि शेटजींना वाटतं आपला धंदा जोरात आहे. जनरलचा नफा हा असा. हुकूम सोडायची सवय झालेल्याला उधारी वसूल करणं, भाव पाडून मागणाऱ्याशी हसून बोलणं, सावकाराच्या दारात उभं राहणं जमत नाही. आणि बंदूक जवळ असेतो त्याला ते शिकावंही लागत नाही. इंडोनेशियालाही हे उमगलं होतं. म्हणून तर 2004 च्या कायद्याने लष्कराला पाच वर्षांत धंद्यातून बाहेर पडायला सांगितलं.

शिस्तीवरून आठवलं. आणीबाणीतल्या गाड्या वेळेवर धावत होत्या, हा याच मंडळींचा जुना ठेवणीतला दाखला. एकवीस महिने धावल्या म्हणतात. उशिरा आलेल्या गाडीची बातमी छापायची तरी मुभा होती का, एवढं मी तेव्हापासून विचारतोय आणि तेव्हापासून समोरचा चहा मागवतोय. कान्होजी आंग्र्यांचाही दाखला दिला जातो: आरमार, दस्तकाचं उत्पन्न, मुलूख, सगळं एका हाती. कान्होजींना मुजरा. पण 1729 मध्ये ते गेले, भावाभावांत फाटलं आणि 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना साथीला घेऊन त्या भावांपैकी तुळाजींचं आरमार बुडवलं. सगळं एका हाती असलं की तो हात गेल्यावर मागे भांडणच उरतं.

मग माझं म्हणणं काय? लष्करी माणसाने राजकारणात येऊ नये असं मुळीच नाही. बंदूक जमा करून यावं, मतं मागावीत. जनरल करिअप्पा 1971 मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, पडले आणि शांतपणे घरी गेले. सुहार्तोंच्या संसदेत लष्करासाठी एके काळी 100 जागा राखीव होत्या. इथे भारताच्या पहिल्या भारतीय सरसेनापतीला एकही मिळाली नाही. 1991 मध्ये राजापूरच्या मतदारांनी लष्करातून आलेल्या सुधीर सावंतांना निवडून दिलं, तेही दंडवत्यांसारख्या माणसाला पाडून. 1996 मध्ये त्याच मतदारसंघाने सुरेश प्रभू हा सनदी लेखापाल निवडला. प्राध्यापक, फौजी, हिशेबनीस, तिघेही कोकणाने पारखून घेतले.

आणि कर्तबगार माणूसच हवा असेल तर गृहस्थांनी रोह्याबाहेर कशाला जावं? चिंतामणराव देशमुखांचं बालपण इथलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, आणि 1952 मध्ये कुलाब्याचे खासदार. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी पंतप्रधानांना तोंडावर सुनावून राजीनामा दिला. वरिष्ठाला 'नाही' म्हणून खुर्ची सोडणं ही शिस्त कुठल्या छावणीत शिकवत असतील तर मला दाखवा. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात. सलामी झाली की बंदुका परत जागेवर जातात. पालखी कुठल्या आळीने न्यायची, हे ते ठरवत नाहीत.

गृहस्थांचं शेवटचं अस्त्र मला ठाऊक आहे: प्रबोवोही निवडूनच आले. आले, 58 टक्क्यांहून अधिक मतं घेऊन आले, यात वाद नाही. दोनदा ज्यांच्याकडून हरले त्या जोको विडोडोंचा मुलगा उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबत घेऊन आले. त्या मुलाला वयाच्या अटीतून वाट काढून देणाऱ्या घटना न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश त्याच्या वडिलांचे मेव्हणे होते, हा तपशीलही व्याख्यानात घालावा. आणि सत्तेवर येऊन वर्ष व्हायच्या आत, मार्च 2025 मध्ये, गणवेशातल्या अधिकाऱ्यांना नागरी खात्यांत बसवण्याची मुभा दहा संस्थांवरून चौदांवर नेली. त्या आठवड्यात जकार्तापासून सुराबायापर्यंत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांच्या आईबापांनी बत्तीस वर्षं सुहार्तोंची शिस्त भोगली आहे. गृहस्थांनी एखादं व्याख्यान तिकडे ठेवावं. तिकिटासाठी वर्गणी मी देतो.