‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना होणारी लागण

परतवाड्याहून धारणीकडे निघाले की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. बाहेरच्या माणसाला ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पातले पर्यटन संकुल म्हणून ठाऊक. आजूबाजूच्या कोरकू पाड्यांसाठी मात्र ते दवाखान्याचे गाव. मातृवंदना योजनेचा अर्ज, आयुष्मान कार्ड, बाळाचा जन्मदाखला ही कामे आता कोणाच्या तरी संगणकावरूनच होतात. म्हणून तो संगणक धडधाकट आहे की नाही, हा केवळ दुरुस्तीवाल्याचा प्रश्न उरलेला नाही.

अशा सामायिक संगणकांना सहज जडणारा एक आजार म्हणजे ब्राउझर हायजॅकर. लक्षणे ओळखीची असतात. ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलतेच पान येते. शोध एका ठिकाणी टाकावा, तर निकाल दुसऱ्याच अनोळखी शोधयंत्राचे दिसतात. कोपऱ्यातून जाहिराती उड्या मारतात. मुख्य पान बदलून दिले तरी दुसऱ्या दिवशी मूळ पदावर. संगणक बंद पडत नाही, फायली जात नाहीत, त्यामुळे ‘चालतंय ना, चालू दे’ म्हणून दुर्लक्ष होते. गोचीडही गाय मारत नाही. तिला गाय जिवंतच हवी असते. हायजॅकर लिहिणाऱ्याला प्रत्येक क्लिकमागे, प्रत्येक वळवलेल्या शोधामागे पैसे मिळतात.

हा प्रकार किरकोळ नाही. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच हायजॅकर उघडकीस आणला. जगभरात सुमारे २५ कोटी संगणक बाधित असल्याचा तिचा अंदाज होता आणि भारताचा वाटा त्यात सर्वांत मोठा, अडीच कोटींच्या घरात, सांगितला गेला. हे आकडे फुगवलेले असल्याचे मायक्रोसॉफ्टने पुढे म्हटले. आकडा कोणताही धरा, लागण होण्याचा मार्ग एकच होता: फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून, वापरणाऱ्याच्या संमतीने आत शिरणे.

ही संमती कशी घेतली जाते, हे खरे पाहण्यासारखे आहे. सरकारी अर्जाला फोटो ठरावीक केबीचा लागतो, कागदपत्र पीडीएफमध्ये लागते, नाव मराठीत टंकावे लागते. समोर रांग उभी असते आणि मेळघाटात नेटवर्कचा लपंडाव नवा नाही. ते आहे तोवर काम उरकायचे असते. मग ‘फ्री कन्व्हर्टर’, ‘फ्री मराठी फॉन्ट’ शोधला जातो आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट, अ‍ॅग्री’ दाबत तो बसवला जातो. मधल्या एखाद्या पडद्यावर ‘हे शोधयंत्रही बसवा’ अशी आधीच टिचकी मारलेली चौकट असते. ती कोणी वाचत नाही, आणि कोणी वाचू नये अशीच तिची मांडणी असते. दोष ऑपरेटरच्या अडाणीपणाला देणे सोपे आहे. पण फोटो लहान करण्याची सोय अर्जाच्या पानावरच का नसावी? नागरिकाला बाहेरची साधने शोधायला लावणारा प्रत्येक अर्ज या लागणीला दार उघडून देतो. खरे तर फोटो विंडोजमधल्या पेंटमध्ये लहान होतो, पीडीएफ ‘प्रिंट टू पीडीएफ’ने बनते आणि मराठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच मिळतो. हे त्या ऑपरेटरला कोणी तरी दाखवायला हवे.

नुकसान नुसत्या जाहिरातींचे नसते. बाधित ब्राउझरमध्ये ‘जन्मदाखला’ शोधला, तर सरकारी संकेतस्थळाच्या वर हुबेहूब नकली पान येऊ शकते. तिथे एका आईचा आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी टंकला गेला तर? मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणारे पाच हजार रुपये तिच्यासाठी खाण्यापिण्याचे असतात.

उपचारात घाई नको. केवळ मुख्य पान बदलणे म्हणजे ताप उतरवून मलेरिया अंगात ठेवणे. आधी सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावून अनोळखी कार्यक्रम काढावेत. मग ब्राउझरमधली नको ती एक्स्टेन्शन्स. त्यानंतर ब्राउझर ‘रीसेट’ करावा. त्याने बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड जात नाहीत. कोणकोणत्या संकेतस्थळांना ‘नोटिफिकेशन’ची परवानगी दिली आहे तेही बघावे, कारण ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ ही बनावट भीती बऱ्याचदा तिथूनच येते. त्या क्रमांकावर फोन करू नये. शेवटी विंडोज डिफेंडरने पूर्ण तपासणी. इतके करूनही रोग उलटला तर ‘सिंक’ तपासावे: दुसऱ्या संगणकावरचे बाधित एक्स्टेन्शन त्याच खात्यातून परत येते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची तपासणीची साधने २०१७ पासून मोफत आहेत. पैसे गेलेच, तर १९३० वर तत्काळ फोन करावा.

सेमाडोहच्या पुढचे हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. यंत्रे येतात तेव्हा फीत कापली जाते. ती दर महिन्याला तपासायची कोणी, हे सहसा कोणाच्याच कामात लिहिलेले नसते. लसीच्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवले जाते. आरोग्याचे अर्ज भरणाऱ्या संगणकासाठी महिन्याला एक तपासणी, एक वही आणि एक सही, एवढे तालुका पातळीवर ठरवायला नवा निधी लागत नाही.