शेवटच्या बाकाचा निकाल

दहावी-बारावीचा निकाल लागला की लातूरचे नाव गाजते. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात 'लातूर पॅटर्न' नावारूपाला आला. त्यात जादू नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, सराव परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासून विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवायची आणि हे सारे होते की नाही, यावर प्राचार्यांनी जातीने लक्ष ठेवायचे. एवढेच!

पण याच जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला बसलेल्या शेतमजुराच्या पोरीला या पॅटर्नचा काय उपयोग? ज्यांच्या हाती चार पैसे आले, त्यांची मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत निघाली. गावच्या शाळेत उरली ती बहुतेक मोलमजुरी करणाऱ्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरे. म्हणजे आपलीच. ती शिकली नाहीत तर ओरड कोण करणार?

ज्या राजर्षींचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, त्यांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यांनी पाया धरला होता. आपण कळसाचे फोटो छापत बसलो आहोत.

बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात हाच हिशेब मांडला होता. शाळेत आलेल्या 100 मुलांपैकी केवळ 18 चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांनी सरकारला सुनावले. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. आज मूल चौथीपर्यंत पोहोचते, पटावर नावही राहते. पण त्याला धडा वाचता येतो काय? भागाकार येतो काय?

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सांगितले की, गावच्या शाळेला प्रशिक्षित शिक्षक हवा, त्याला किमान 12 रुपये पगार हवा आणि तो शेतकऱ्यांच्या पोरांत मिसळणारा, त्यांची गरज जाणणारा हवा. आज पगार आहे, प्रशिक्षण आहे. मिसळणे मात्र अप-डाऊनमध्ये हरवले. शाळा सुटताच गाडीला किक मारणाऱ्यांत आरक्षणाने नोकरी मिळालेले आपलेही बांधव आहेत, हे कटू असले तरी लिहिलेच पाहिजे. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणजे केवळ वर्गणी नव्हे. वाचता न येणाऱ्या पाच मुलांजवळ रोज अर्धा तास बसणे, हीच खरी परतफेड.

शासनही दोषमुक्त नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार 150 पेक्षा जास्त पट असेल तरच प्राथमिक शाळेला मुख्याध्यापक. लहान गावात सेवाज्येष्ठ शिक्षकाकडेच पदभार, त्याच्याकडेच वर्ग, खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहितीही. मग इतर वर्गांत जाऊन मुलांचे वाचन ऐकायचे कोणी? मुख्याध्यापकाला कारकून केले की शाळेचे कार्यालय होते. पट कितीही असो, शाळेला मुख्याध्यापक आणि कारकुनी कामातून त्याची सुटका, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर हातावर हात धरून बसायचे काय? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात दुर्बल घटकांना पटाच्या प्रमाणात जागा आहेत. आपल्या माय-बापांना तिथे फक्त अंगठ्यापुरते बसवू नका. महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा : किती मुलांना वाचता येत नाही आणि त्यांच्यासाठी या महिन्यात काय केले? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या. पुढच्या महिन्यात तीच वही उघडा.

14 एप्रिलला डीजे लावण्याआधी विहारात गावची मुले एकत्र बसवा आणि प्रत्येकाच्या हाती पुस्तक द्या. जो अडखळेल, तो आपला पहिला विद्यार्थी. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश त्या लेकरापासूनच सुरू होतो.

जयभीम!