घरखर्चाची वही : घोडीच्या दवाखान्याचा डबा



वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. गेल्या रविवारी वाचन संपले, सगळे पांगले, पण एक भगिनी मागे थांबली. तिचा नवरा वरातीला घोडी देतो. ती स्वतः चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, “ताई, तुम्ही माणसाच्या दवाखान्याचा हिशेब लिहिता, लेकरांच्या फीचा लिहिता. जनावराच्या दवाखान्याचा बी एकदा लिहा. आमचं घर त्याच्यातच बुडालं.”

गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी तिच्या घोडीने चारा टाकला. पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मान वळवून पोटाकडे पाहू लागली. मध्येच खाली बसून लोळू लागली. नवऱ्याने खासगी डॉक्टरांना फोन लावला. रात्रीची वेळ आणि २२ किलोमीटरचे अंतर. नुसते येण्याचे १,५०० रुपये पडतील, औषध वेगळे, असे उत्तर आले. घरात होते ४०० रुपये. पावसाळ्यात वराती नसतात, म्हणून दोन महिने घोडीची कमाई शून्य होती. नवरा म्हणाला, “सकाळपर्यंत बघू.”

रात्रभर शेजारपाजारचे सल्ले चालू राहिले. एक म्हणाला दृष्ट लागली, मीठ-मिरची उतरवा. दुसऱ्याने बाटलीभर गोडेतेल पाजायला लावले. तिसरा पोटावर डाग द्यायला निघाला होता, त्याला हिनेच अडवले. उजाडल्यावर सावकाराकडून ७,००० रुपये महिना ५ टक्क्यांनी आणले. डॉक्टर दोनदा आले. नाकातून नळी घातली, इंजेक्शने दिली, सलाइन लावली. दिवस मावळायच्या आत घोडी गेली. दोन खेपांचे ३,००० आणि औषधांचे ३,८००, असे ६,८०० रुपये झाले. साठ हजारांची घोडी गेली आणि सावकाराचे व्याज मात्र महिन्याला ३५० रुपयांनी चालू राहिले. दहा महिन्यांत ३,५०० रुपये नुसते व्याजात गेले. मुद्दल होते तिथेच आहे.

शेवटी ती म्हणाली, “रात्रीच बोलावलं असतं तर घोडी वाचली असती, असं डॉक्टर म्हणले. ते खरं की खोटं मला कळत नाही. पण रात्री घरात दीड हजार असते तर मी बोलावलं असतं, एवढं मला कळतं.”

हिवाळ्यात माळेगावच्या बाजारातून उसनवारी करून त्यांनी दुसरी घोडी आणली आहे. पुन्हा पावसाळा आला आहे. म्हणून आजची वही या घोडीसाठी.

प्रथम, घोड्याचे औषधपाणी एवढे महाग का पडते ते समजून घेऊ. घोड्याचे वजन तीनशे-चारशे किलो. औषध वजनावर द्यावे लागते, म्हणून माणसाला जे एका गोळीत भागते त्याला इथे मूठभर लागते. सलाइनच्या बाटल्यांचेही तसेच. दुसरे कारण असे की, आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य दिवसभर गाई-म्हशी-शेळ्या तपासतात. घोड्याचा सराव असलेले डॉक्टर थोडे, आणि ते मुख्यतः पुण्या-मुंबईकडे, जिथे शर्यतीचे घोडे आणि श्रीमंतांचे तबेले आहेत. तिसरे म्हणजे, लोळणाऱ्या घोड्याला उचलून दवाखान्यात नेता येत नाही, म्हणून डॉक्टरांच्या गाडीखर्चाचा भार आपल्यावर येतो. यात डॉक्टर लुबाडतात असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. पण खर्च मोठा आहे आणि तो अचानक येतो, हे धरूनच चालले पाहिजे.

आता उपाय. पहिला उपाय सरकारी दवाखान्याचा. पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-बैलांसाठी असतो, असा आपल्यातल्या पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तिथे नाममात्र शुल्कात घोडा, खेचर, गाढव सगळे तपासले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. १९६२ हा बिनपैशाचा दूरध्वनी क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. अवघड दुखण्यासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत : परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर. परळचे महाविद्यालय तर १८८६ सालचे. आपल्या करातून चालणाऱ्या या संस्था आहेत. तिथे संकोचाने नव्हे, हक्काने जावे. मात्र आधी जाऊन यावे. दवाखान्याची वेळ कोणती, डॉक्टर कोणत्या दिवशी कुठे असतात, रात्री कोणाला फोन करायचा, हे घोडी धडधाकट असताना विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. आजाराच्या रात्री चौकशीला वेळ नसतो.

दुसरा उपाय आधीच घ्यायच्या काळजीचा. घोड्याच्या टापेत खिळा घुसला की धनुर्वाताची भीती असते, आणि हा रोग घोड्याला फार लवकर होतो. झाल्यावरचा उपचार हजारोंचा, आणि एवढे करूनही जनावर हाती लागेलच असे नाही. त्याच्या लशीचा खर्च या उपचारापुढे काहीच नाही. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्यावे. चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाकडून टापा तासून नाल बदलावी. नालबंदाचे पैसे वाचवायला गेलो की घोडी लंगडते, आणि लंगडी घोडी वरातीला कोणी नेत नाही.

पोटशुळाबद्दल जरा नीट सांगते, कारण या दुखण्याने फार घोडी जातात. घोड्याला उलटी होत नाही. शरीराच्या मानाने त्याची जठराची पिशवीही लहान असते. त्यामुळे एकदम जास्त हरभरा-मका घातला, बुरशी आलेला किंवा पावसात भिजलेला चारा घातला, एका दिवसात चारा बदलला किंवा पाणी कमी पडले, की पोट दुखू लागते. वरातीला जास्त काम म्हणून खुराक दुप्पट करायचा आणि रिकाम्या दिवशी नुसते बांधून ठेवायचे, ही चाल सोडावी. थोडे थोडे, अनेक वेळा आणि ठरल्या वेळी घालावे. दिवसाकाठी पंचवीस-तीस लिटर स्वच्छ पाणी लागतेच, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

दुखू लागलेच तर चारा-खुराक काढून घ्यावा. लोळून स्वतःला इजा करत असेल तर हळूहळू चालवावे, पण दमेपर्यंत नाही. तोंडात तेल, काढा, सोडा काहीही ओतू नये. ओतलेले औषध श्वासनळीत उतरून फुप्फुसात गेले तर एका दुखण्याची दोन दुखणी होतात. डॉक्टर नाकातून नळी घालतात ते उगीच नव्हे. डाग देणे हा तर निव्वळ छळ आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दृष्ट काढण्यात रात्र घालवायची आणि डॉक्टरला उजाडल्यावर बोलवायचे, हे आपल्याला शोभत नाही.

घरात एक साधा थर्मामीटर ठेवावा. घोड्याचा ताप गुदद्वारात पाहतात. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट असते, आणि स्वस्थ उभा असताना तो मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. ताप किती, श्वास किती, लीद कधी टाकली, चारा कधी सोडला, हे चार आकडे फोनवर सांगितले तर डॉक्टरांना अंदाज येतो. काही वेळा एक खेप वाचते; काही वेळा तर ‘थांबू नका, मी निघालो’ असे उत्तर मिळते. दोन्हींत आपलाच फायदा आहे.

एक धोक्याची सूचना. नाकातून घट्ट, चिकट स्राव, नाकात व्रण, अंगावर गाठी येऊन फुटणे, अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपचार करू नयेत. हा ग्लँडर्स रोग असू शकतो. २००६ साली महाराष्ट्रातही तो आढळला होता. तो माणसाला होतो आणि जीवावर बेततो. जनावर मारले जाईल या भीतीने लोक लपवतात. लपवू नये, सरकारी डॉक्टरांना कळवावे. बाधित जनावर कायद्याप्रमाणे मारावे लागते, पण त्याची भरपाई मिळण्याची तरतूद आहे. लेकरांच्या जीवापुढे घोडी मोठी नाही.

तिसरा उपाय पैशाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. घरात पत्र्याचा एक डबा ठेवावा. हंगामात वरातीची प्रत्येक सुपारी मिळाली की २०० रुपये त्यात पडलेच पाहिजेत. वर्षाला ३५ सुपाऱ्या धरल्या तर ७,००० रुपये होतात. गेल्या वर्षीचे बिल ६,८०० होते! सावकाराची पायरी चढावीच लागली नसती. डबा बाईच्या ताब्यात असावा. सणाला, पाहुण्याला, मोबाइलच्या रिचार्जला त्याला हात लावायचा नाही. रक्कम वाढली की पोस्टात किंवा बँकेत टाकावी, पण रात्रीच्या डॉक्टरापुरते दीड-दोन हजार घरातच असावेत.

बचत गटातल्या बायांनीही याचा विचार करावा. आजारी जनावरासाठी त्याच दिवशी मिळणारे तातडीचे कर्ज गटाने ठरवून ठेवले, तर सावकाराच्या ५ टक्क्यांतून सुटका होते. गावात घोडीवाले, बग्गीवाले, वीटभट्टीवर खेचरे-गाढवे राखणारे असे चार-सहा जण असतील, तर सर्वांनी मिळून डॉक्टरांना वर्षातून दोनदा एकाच दिवशी बोलवावे. लस, जंताचे औषध, दातांची तपासणी एका खेपेत होते आणि गाडीखर्च वाटला जातो. संघटित व्हा म्हणजे फक्त मोर्चाला जा असा अर्थ नाही.

विम्याचेही विचारावे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या पशुविम्यात घोडे, खेचरे, गाढवेही येतात. २०२४ साली केंद्र सरकारने या विम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. आपल्या तालुक्यात अर्ज कधी घेतात हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. विमा असेल आणि जनावर दगावले, तर पुरण्याआधी कळवावे. डॉक्टरांचा दाखला नसेल तर पैसे मिळत नाहीत.

काही वाचक म्हणतील, लग्ने साधी करा, वरातीचा थाट नको, असे तुम्हीच लिहिता आणि आता वरातीच्या घोडीची काळजी करता? मी आजही तेच म्हणते. कर्ज काढून वरात काढू नये. पण घोडीवाल्याच्या चुलीचाही विचार केला पाहिजे. शिवाय घोड्याचे आणि आपले नाते साधे नाही. उत्तर प्रदेशात २०१८ साली आपल्या एका तरुणाला घोड्यावरून वरात नेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला टांगेवाल्याने बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला, तेव्हा वस्तीतल्या बांधवाने, सराव नसताना, मानासाठी लगाम हातात घेतला. पुलावर टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. त्या दिवशी आपल्याकडे मान राखण्याची जिद्द होती, पण घोडा हाकायची विद्या कोणी आपल्या हाती येऊ दिलेली नव्हती. आज घोडी आपल्या दारात आहे. तिची विद्याही आपल्या घरात आली पाहिजे.

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात माणसांच्या आणि पशूंच्याही चिकित्सेची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, आणि ते दगडात कोरून ठेवले. गिरनारला तो लेख आजही आहे. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. दारातल्या मुक्या जीवाला वेळेवर डॉक्टर आणणे हे त्याच शीलाचे पालन आहे.

ज्यांच्या घरी घोडी नाही त्यांनाही एक विनंती. घोडी ठरवताना शेवटच्या २०० रुपयांसाठी घासाघीस करू नका. तेच तिच्या औषधाचे पैसे असतात. तिच्या कानाजवळ फटाके लावू नका. दारू पिऊन तिला नाचवू नका. वरात थांबेल तिथे बादलीभर पाणी दाखवा.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्या भगिनीच्या घरी जाऊन आले. नव्या घोडीला सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची लस दिली होती. चुलीवरच्या फळीवर दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा होता, त्याला वरून चीर पाडलेली. हंगाम अजून लांब आहे, म्हणून धुण्याभांड्याच्या पगारातले ५० रुपये तिने त्यात टाकले होते. नवरा म्हणाला, “एवढ्यानं काय होतंय?” ती म्हणाली, “सुरू तर झालं.”

आपल्याकडे घोडी, खेचर, गाढव असेल, तर आपणही आपला अनुभव आणि हिशेब या वहीसाठी लिहून पाठवा.

नमो बुद्धाय! जयभीम!